बी.एड. करून ठेवलेला माणूस

लग्न न झालेल्या माणसाकडून सरकार सगळ्यात आधी काय लिहून घेत असेल, तर त्याला दोनपेक्षा जास्त मुलं नाहीत हे. 2005 सालचा नियमच आहे तसा. शिक्षकभरतीच्या फायलीत 'लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र' लागतं म्हणजे लागतं. आमच्या तालुक्याला तहसील कचेरीसमोर छत्रीखाली बसून एक काका असली कागदपत्रं टाईप करून देतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"मुलं किती?"

"काका, लग्नच व्हायचंय अजून."

"ते नाही विचारलं. रकाना मुलांचा आहे. शून्य टाकू का निरंक?"

"निरंक टाका. बरं दिसेल."

"नोकरी?"

"त्यासाठीच तर हे चाललंय."

"मग लग्न कसं व्हायचं?" असं म्हणून त्यांनी 'निरंक' हा शब्द जरा जास्तच ठासून टाईप केला आणि कागद माझ्या हातात दिला.

बी.एड. झालेला माणूस गर्दीत ओळखायचा असेल तर चेहऱ्याकडं बघू नका, काखेकडं बघा. तिथं फाईल असते. कप्प्याकप्प्यांची, प्लास्टिकची, बटण तुटल्यामुळं रबर लावलेली. आत दहावी, बारावी, बी.ए., एम.ए., बी.एड., एमएससीआयटी, टीईटी, सीटीईटी, जातीचा दाखला, त्याची वैधता, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि या सगळ्यांच्या प्रत्येकी पाच-पाच झेरॉक्स. पाऊस आला की साधा माणूस डोकं झाकतो, आम्ही फाईल शर्टाच्या आत घालतो. माझ्या आईनं या फायलीला देवघराशेजारच्या कपाटात जागा दिलेली आहे. दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू पडतं, त्यामुळं माझ्या एम.ए.च्या गुणपत्रिकेचा कोपरा पिवळा आहे. एका पडताळणीत साहेबांनी विचारलंही, "हे काय सांडलंय?" मी म्हणालो, "श्रद्धा."

या वाटेला मला मामानं लावलं. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. त्याच्या तोंडी कायम एकच वाक्य: "बाकी काय करायचं ते कर, पण बी.एड. तेवढं करून ठेव." मामाचंही चुकत नव्हतं. एके काळी बारावीला भरघोस मार्क पडलेली पोरं इंजिनिअरिंगकडं पाठ फिरवून डी.एड.ला जायची, कारण डी.एड. झालं की नोकरी आणि नोकरी लागली की स्थळं. मग ज्याच्या त्याच्या पडीक जमिनीवर डी.एड. कॉलेज उगवलं. गुरुजींचं पीक इतकं आलं की 2012 साली सरकारनं भरतीलाच कुलूप घातलं. आमच्या भागातल्या एका डी.एड. कॉलेजात आता मंगल कार्यालय चालतं. तिथंच शिकून बेकार राहिलेल्या काहींची लग्नं पुढं त्याच हॉलमध्ये लागली, हा एक भाग चांगला झाला.

बी.एड.चा अभ्यासक्रम पूर्वी एक वर्षाचा होता. 2015 पासून तो दोन वर्षांचा झाला. त्यामुळं जो माणूस एका वर्षात बेकार व्हायचा, त्याला आता दोन वर्षं लागतात. दर्जा वाढवणं यालाच म्हणत असावेत.

पण मी बी.एड.ला नावं ठेवणार नाही. तिथं मी सूक्ष्म अध्यापन शिकलो. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र काढलं. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं आणि घोटायचं. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण 36 मिनिटं. माझ्या वाट्याला 'प्रबलन कौशल्य' आलं होतं. म्हणजे मुलानं बरोबर उत्तर दिलं की मान डोलवायची, हसायचं आणि "शाब्बास, अगदी बरोबर!" असं म्हणायचं. 36 मिनिटं मी शाब्बास म्हणत होतो आणि प्राध्यापक वहीत खुणा करत होते.

मुलं कुठून आणायची? मुलं आम्हीच. आमच्या गटात सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार होते आणि जिचा मुलगा त्या वर्षी दहावीला बसला होता अशी एक ताई होती. दोघं पाचवी 'अ' मध्ये. हवालदारसाहेब मिशीला पीळ देत उभे राहायचे आणि म्हणायचे, "गुरुजी, ही मला चिमटे काढते." ताई म्हणायची, "मी नाही काढले, यानंच माझी पेन्सिल घेतली." प्राध्यापक म्हणायचे, "छान! वर्ग नैसर्गिक वाटतोय." ताईनं पाचवीतली मुलगी इतकी मन लावून केली की मधल्या सुट्टीत तिनं खरोखरच हवालदारांच्या डब्यातली चटणी पळवली.

त्या प्रबलन कौशल्याचा परिणाम अजून ओसरलेला नाही. एसटीच्या कंडक्टरनं बरोबर सुट्टे पैसे दिले की माझ्या तोंडून आपोआप "शाब्बास!" निघतं. एकदा डॉक्टरांनी माझा घसा बघून "टॉन्सिल सुजलेत" असं सांगितलं, तर मी आ वासलेल्या तोंडानंच मान डोलावून म्हणालो, "अगदी बरोबर!"

बी.एड.चा निकाल लागला तेव्हा घरी पेढे आले. अण्णांना वाटलं, आता पोरगा सोमवारपासून कामावर. त्यांना टीईटी समजावून सांगायला रब्बीचा हंगाम गेला. शिक्षण हक्क कायदा आला आणि पहिली ते आठवीला शिकवायचं तर शिक्षक पात्रता परीक्षा बंधनकारक झाली. आपल्या राज्यात ती पहिल्यांदा डिसेंबर 2013 मध्ये झाली. 150 गुण, खुल्या गटाला पास व्हायला 90. मी पास झालो. पुन्हा पेढे. आणि मग अण्णांना कळलं की पुढं आणखी एक परीक्षा आहे.

"परवा तू टेट पास झालास ना?"

"ती टीईटी, अण्णा. ही टेट."

"तेच तर म्हणतोय."

"ती पात्रता. ही अभियोग्यता."

"पात्र आहेस आणि योग्य नाहीस?"

"योग्य आहे का ते अजून बघायचंय त्यांना."

"मग आधी पेढे कशाचे वाटले?"

शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असं तिचं पूर्ण नाव. 2017 च्या डिसेंबरात एकदा झाली, तेव्हा माझं बी.एड. व्हायचं होतं. त्यानंतर ती झाली थेट 2023 ला. मधल्या काळात एक विधानसभा निवडणूक झाली, तीन वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांनी शपथा घेतल्या, जगात महामारी येऊन गेली आणि मी लॉजिकल रीझनिंग करत बसलो. 200 प्रश्न, दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. एक 'शाब्बास' नीट म्हणायला 36 मिनिटं शिकलेल्या माणसाला हा वेग झेपणं कठीणच. त्यात प्रश्न असा: एका फोटोकडं बोट दाखवून एक गृहस्थ म्हणतात, हिच्या आईच्या एकुलत्या एका मुलाचे वडील माझ्या सासऱ्याचे जावई आहेत, तर फोटोतली बाई त्यांची कोण? मी दोन वर्षं बालमानसशास्त्र शिकलो होतो. त्या गृहस्थांना कुणा तज्ज्ञाकडं न्यायला हवं, एवढंच मला सुचत होतं.

त्याच वर्षी, 11 ऑगस्ट 2023 ला, सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीला शिकवता येणार नाही, तिथं डी.एड.वालेच. लहान मुलांना शिकवायचं वेगळं शिक्षण असतं, हे कायद्यानं बरोबरच आहे. पण अण्णांना सांगणार कसं? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? हा जास्त शिकलाय म्हणून पहिलीच्या पोराला शिकवायला चालत नाही."

आता पवित्र पोर्टल. भरतीत पारदर्शकता यावी म्हणून सरकारनं हे काढलं आणि नाव पवित्र ठेवलं, त्यामुळं सोवळं पाळणं आलंच. रात्री दोनला अंघोळ करून, म्हणजे निदान तोंड धुऊन, बसायचं, कारण दिवसा ते उघडत नाही. स्वप्रमाणपत्र भरायचं, मग प्राधान्यक्रम द्यायचे, मग लॉक करायचं. ओटीपी येतो, पण मोबाइलला रेंज फक्त गोठ्याच्या पत्र्यावर. मी पत्र्यावर, लॅपटॉप ओसरीत, मध्ये धाकटा भाऊ. मी वरून आकडे ओरडतो, तो खाली दाबतो. सहापैकी पाच आकडे बरोबर पडले की वेळ संपते. शेजारच्या आजी सकाळी विचारतात, "रातच्याला पाढे म्हणत होतास व्हय?"

प्राधान्यक्रमांचं तर आमच्या घरात लोकसभेच्या जागावाटपासारखं झालं. मला कुठलाही जिल्हा चालला असता. आईचा भूगोल तिच्या नात्यागोत्यावर बेतलेला. "रत्नागिरी नको, तिकडं फार पाऊस. गडचिरोली नको, लांब आहे. नंदुरबार कुठं आलं?" मी सांगितलं. "मग तेही नको. सोलापूर टाक, मावशी आहे." अण्णा म्हणाले, "आधी लागू दे तर." आई म्हणाली, "लागल्यावर मग बदलता येतंय का?" या एका बाबतीत आई साऱ्या शिक्षण खात्याच्या पुढं आहे. जिल्हांतर्गत आणि आंतरजिल्हा बदल्यांसाठी झुरणारे गुरुजी तिनं आपल्या भावाच्या घरी चहाला आलेले बघितले आहेत.

पोर्टलवर संस्थांचे दोन प्रकार असतात, मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह. एका 'मुलाखतीसह'साठी माझं नाव आलं. मी कडक इस्त्री करून, रंगीत खडू आणि पाठाचं टाचण घेऊन हजर. समोर अध्यक्षसाहेब, शेजारी सचिव (अध्यक्षांचे जावई) आणि कोपऱ्यात मुख्याध्यापक. मुख्याध्यापक पूर्ण वेळ टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होते.

"गाव कुठलं? कुणापैकी?"

मी सांगितलं.

"शेती किती?"

मला वाटलं, ग्रामीण मुलांशी माझी नाळ आहे का हे बघताहेत. "तीन एकर, साहेब."

"बागायत का जिरायत?"

"जिरायत. पण ओढ्याकाठची."

"रस्त्यालगत आहे का?"

"आतल्या अंगाला आहे."

अध्यक्षसाहेब जरा हिरमुसले. मग म्हणाले, "संस्था वाढवायची आहे. तुमचं योगदान काय राहील?"

या प्रश्नाची मी तयारीच करून गेलो होतो. "मराठी, इतिहास दोन्ही घेईन. शिवाय हस्तलिखित, वक्तृत्व, स्नेहसंमेलन..."

"तसं नव्हे. वरचा मजला बांधायचाय."

"बांधकामाचा अनुभव नाही साहेब, पण श्रमदानाला कधीही तयार आहे."

मुख्याध्यापकांना ठसका लागला. सचिव पुढं वाकून हळूच म्हणाले, "सर, तुमच्या आधीचा उमेदवार स्लॅबपर्यंत आलाय."

मी टाचण पुढं केलं. "साहेब, पाठ घ्यायचा होता ना?"

"राहू द्या," अध्यक्षसाहेब म्हणाले, "कशाला मुलांना त्रास?"

त्यानंतर मी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत लागलो. शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' होतं आणि कुंपणाच्या पलीकडं उसाचा फड. मला मराठी शिकवायला घेतलं होतं आणि व्हरांड्यात मराठी बोलायचं नाही अशी ताकीद होती. त्यामुळं मराठीचा तास संपला की मी मुका व्हायचो. सकाळी बसमध्ये पोरं मोजायची, दुपारी त्यांच्या बाटल्या शोधायच्या, शनिवारी गावोगाव फिरून नवीन प्रवेश आणायचे. सही एका आकड्यावर व्हायची आणि हातात दुसराच आकडा पडायचा. उन्हाळ्यात तोही नाही.

मग तासिका तत्त्व. जेवढे तास, तेवढे पैसे. बाकी जग सुट्टीची वाट बघतं, तासिकेवरचा माणूस कालनिर्णय उघडला की घाबरतो. श्रावण लागला की माझं अंदाजपत्रक कोसळायचं. मुसळधार पावसानं शाळा सोडली की पोरं नाचत सुटायची आणि मी व्हरांड्यात उभा राहून आज किती बुडाले याचा हिशेब करायचो. थोरामोठ्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांबद्दल माझ्या मनात तेव्हा जे विचार यायचे, ते एका इतिहासाच्या शिक्षकाला शोभणारे नव्हते.

विमा विकूनही पाहिला. लोक म्हणतात, बी.एड.चं कुठं काही होत नाही. तसं नाही, मी हर्बार्टची पंचपदी विम्यात वापरली. पहिली पायरी, प्रस्तावना. म्हणजे पूर्वज्ञानावर आधारित सोपे प्रश्न.

"काका, मागच्या महिन्यात आपल्या आळीत कोण वारलं?"

"किराणावाले बापू."

"शाब्बास! त्यांच्या मागे कोण कोण आहे?"

"बायको, दोन पोरं. का रे?"

"अगदी बरोबर! तर आज आपण काय शिकणार आहोत, कोण सांगेल?"

काकांनी सांगितलं नाही. हेतुकथनाच्या आतच दार लागलं. उपयोजनापर्यंत मी कुठल्याच घरात पोचलो नाही.

लग्नाच्या बाजारात आमचं आणखीच अवघड. माझ्या एका वर्गमित्राला अंशतः अनुदानित शाळेत जागा मिळाली. मुलगी बघायला गेलो तेव्हा मीही सोबत होतो. मुलीच्या वडिलांना शिक्षण खात्याची बारीक माहिती होती. हल्ली सगळ्याच मुलींच्या वडिलांना असते.

"जिल्हा परिषद का संस्था?"

"संस्था."

"अनुदान किती?"

"सध्या वीस टक्के."

"बाकीचे ऐंशी?"

"टप्प्याटप्प्यानं येतील."

वडिलांनी सुपारी कातरली आणि विचारलं, "मग मुलगी पण टप्प्याटप्प्यानं पाठवू का?"

आमच्यातला ज्याला खरीखुरी नोकरी लागली, त्याचंही सांगतो, नाहीतर लेख एकतर्फी होईल. तो लांबच्या जिल्ह्यात शिक्षणसेवक झाला. 2023 च्या फेब्रुवारीत शिक्षणसेवकांचं मानधन वाढलं, प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18 हजार, तीन वर्षं. त्याआधी प्राथमिकवाल्यांना सहा हजार मिळायचे, म्हणून त्याला नशीबवान म्हणायचं. पहिल्या महिन्यात त्याचा फोन आला. मी विचारलं, "काय शिकवतोस?" तो म्हणाला, "अजून तिथवर आलो नाही." सकाळी पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, मग हजेरीचे फोटो ॲपवर चढवायचे, मग मतदारयादी घेऊन वाड्यावस्त्यांवर. माझ्या मामाला तर काही वर्षांपूर्वी पहाटे टॉर्च घेऊन, उघड्यावर बसणाऱ्यांना गुलाबाचं फूल द्यायला पाठवलं होतं. एकानं फूल घेऊन विचारलं, "गुरुजी, पाणी नाही का आणलं?"

मी सध्या टीईटीचा क्लास चालवतो. शिकवायची नोकरी मिळत नाही, पण शिकवायची नोकरी कशी मिळवावी हे शिकवायला मिळतं. टीईटीच्या प्रमाणपत्राची मुदत आधी सात वर्षं होती, 2021 मध्ये ती आयुष्यभराची केली. त्यामुळं माझं गिऱ्हाईक कमी होईल अशी धास्ती होती. पण 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोकरीत असलेल्या गुरुजींनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांच्या आतला काळ राहिलाय, ते नोकरीपुरते सुटले. बाकीच्यांनी माझ्या जिन्याची वाट धरली.

त्यात एके संध्याकाळी डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल बांधलेले एक गृहस्थ आले. आत येऊनही त्यांनी हेल्मेट काढलं नाही. आवाजावरून ओळखलं, हे सातवीला मला इतिहास शिकवणारे सर. ज्यांनी मला 'पुरंदरचा तह' पंचवीस वेळा लिहायला लावला होता. "मागं बसतो," ते म्हणाले, "पुढं आपलीच पोरं आहेत." खरोखरच पुढच्या बाकांवरच्या निम्म्या पोरांना त्यांनीच घडवलं होतं.

सर हुशार, पण बालमानसशास्त्राच्या 30 गुणांवर त्यांचं आणि माझं पटत नाही. मी फळ्यावर पियाजेच्या अवस्था लिहिल्या. सात ते अकरा वर्षं, मूर्त क्रियात्मक अवस्था. मुलं तर्कानं विचार करू लागतात. सरांनी हात वर केला.

"हा कोण पियाजे?"

"स्विस मानसशास्त्रज्ञ, सर."

"पाचवी 'क' वर तास घेतला होता का कधी?"

"नसावा, सर."

"वाटलंच," असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं, पण समासात काहीतरी शेरा मारला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पंचायत समितीतून शाळेतल्या नळांची माहिती आजच्या आज मागवली होती. "जाऊ का रे जरा बाहेर?" त्यांनी करंगळी न दाखवता विचारलं आणि मी नकळत म्हणालो, "लवकर या."

परवाच्या सराव चाचणीत सरांना 150 पैकी 71 पडले. पेपर वाटून झाल्यावर सगळे गेले, सर थांबले. हेल्मेटची पट्टी लावत लावत म्हणाले, "घरी कळवणार नाहीस ना?"

मी म्हणालो, "छे छे, सर."

सरांच्या घरी बाई, त्याही शिक्षिका. त्या माझ्याकडंच सकाळच्या बॅचला येतात, स्कार्फ बांधून, आणि त्यांना त्याच पेपरात 94 पडलेत.